शाकाहाराच्या पत्रकात बी-12 ची एक ओळ छापा

प्रति,
महाराष्ट्रातली शाकाहार प्रचार मंडळं, माळ घालायला सांगणारे कीर्तनकार-प्रवचनकार, जैन युवक मंडळं आणि शहरांतले वीगन (दूध-दह्यासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारे) गट यांस,

सप्रेम नमस्कार.

आषाढी वारी, श्रावण, पर्युषण, गांधी जयंती, 1 नोव्हेंबरचा वीगन दिन. वर्षातून चार-पाच वेळा तुमची पत्रकं हातात पडतात. माणसाचे दात, आतड्याची लांबी, हत्तीची ताकद, सोयाबीनमधल्या प्रथिनांचा तक्ता आणि शेवटी मुक्या जनावरांच्या वतीने केलेली विनंती, असा त्यांचा साचा ठरलेला. बी-12 जीवनसत्त्वाचं नाव बहुतेक पत्रकांत नसतंच. असलं तर ‘ताक प्या, मोड आलेली कडधान्यं खा, काही कमी पडत नाही’ एवढंच. पहिल्या प्रकारात माहिती राहून गेलीय, दुसऱ्यात ती चुकीची आहे. तिथे काय छापावं आणि का, हे सांगायला हे पत्र.

(हत्तीचं तेवढं काढून टाका. हत्तीचं पिल्लू आईची विष्ठा खातं, त्यातून त्याच्या आतड्यात लागणारे जीवाणू येतात. हा आदर्श कोणाला पटेलसं वाटत नाही.)

आम्ही लिहिणारे आहारशास्त्र, रक्ततपासणी आणि औषधविक्री या तीन खात्यांतले आहोत. आमच्यात जन्मात अंडं न खाल्लेले आहेत, तसे बुधवार-शुक्रवार-रविवार मासळीबाजार न चुकवणारेही आहेत. मांस सोडावं की नाही यावर आमचं एकमत नाही. ज्यांनी सोडलंय त्यांनी काय घ्यावं यावर मात्र आहे.

बी-12 कुठल्याही झाडात तयार होत नाही. पालकात नाही, बीटात नाही, शेवग्यात नाही, गव्हांकुराच्या रसातही नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाई-म्हशीच्या पोटात चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते बनतं, मग दुधात आणि मांसात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात, पण ते शोषून घेणारी जागा लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे त्याच्या अलीकडे आहे. कुर्ल्याला गाडीत चढलेल्याला दादरला उतरायचंय आणि गाडी चाललीय ठाण्याकडे, अशातला प्रकार. त्यामुळे ‘शरीर स्वतःच बनवतं’ हे प्रवचनात ऐकू येणारं वाक्य अर्धं खरं आहे आणि उपयोग त्याचा शून्य.

गरज तशी नगण्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम पुरतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यकृतात साठाही असतो, आणि पोटभर मांस खात आलेल्या माणसाचा तो साठा दोन ते पाच वर्षं पुरू शकतो. म्हणूनच ‘वीगन होऊन दीड वर्ष झालं, मला काहीच झालं नाही’ हे अनुभवकथन पुरावा म्हणून चालत नाही, तो माणूस अजून जुन्या शिलकीवर जगत असतो. शिवाय आपल्याकडे जन्मापासून दूध-भाजी-पोळीवर वाढलेल्याची शिल्लक मुळातच तोकडी असते. युरोपातला मांसाहारी वीगन होतो आणि सदाशिव पेठेतला शाकाहारी वीगन होतो, या दोघांना सारखाच वेळ मिळेल असं धरू नका.

‘पण आम्ही दूध घेतो की!’ घेता, पण किती? गाईच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 0.4 ते 0.5 मायक्रोग्रॅम बी-12 असतं. म्हणजे दिवसाची गरज दुधावर भागवायची तर रोज अर्धा लिटर पोटात जायला हवं. आता नेहमीच्या घरातला हिशोब करा. सकाळ-संध्याकाळ दोन कप चहा, प्रत्येकात पन्नास मिलिलिटर दूध. जेवताना एक लहान वाटी दही. सगळं मिळून एक मायक्रोग्रॅमही होत नाही. चहा उकळताना आणि दूध पुन्हा पुन्हा तापवताना त्यातलं काही नष्ट होतं ते वेगळं. ताक म्हणजे पाणी घातलेलं दही, तेव्हा एका पेल्यात किती उरतं ते तुम्हीच मोजा. आणि तुपात बी-12 नसतंच, ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. शाकाहारी घरात दूध ‘असतं’, पण ते बहुतेक मुलांच्या पेल्यात आणि सासऱ्यांच्या वाटीत जातं. सुनेच्या वाट्याला चहातलं येतं.

हा नुसता कागदी हिशोब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के पुरुषांचं बी-12 कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण 81 टक्के होतं. शाकाहाऱ्यांमध्ये धोका चौपटीहून अधिक. हे सगळे दूध वर्ज्य नसलेले लोक, वीगन नव्हेत. आपल्याच राज्यात पुण्याचा इतका पक्का पुरावा असताना पत्रकात मात्र परदेशातल्या कोणा पैलवानाचा फोटो छापला जातो, याचं आश्चर्य वाटतं.

एवढी कमतरता असून लोक धडधाकट कसे दिसतात? इथे आपल्या ताटाचा एक डाव आहे, तो समजून घ्या. बी-12 आणि फोलेट ही जोडीनं काम करणारी जीवनसत्त्वं. बी-12 कमी पडलं की रक्तपेशी मोठ्या आणि कमी होतात, आणि डॉक्टरांना तोच पहिला इशारा असतो. डाळी आणि पालेभाज्यांमुळे आपल्याकडे फोलेट भरपूर, त्यामुळे रक्त बराच काळ ठीक दिसत राहतं. त्यातच लोहाची कमतरता असेल तर पेशी लहान होतात. एक दोष पेशी फुगवतो, दुसरा आक्रसतो, आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, कागदावर एमसीव्ही (पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल छापून येतो. इकडे नसांवरचं आवरण झिजत असतं, कारण ते काम बी-12 शिवाय फोलेटला जमत नाही. तळपायाला मुंग्या, जिभेची आग, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं, विसराळूपणा, विनाकारण चिडचिड. बाहेरून हे वय वाटतं, मधुमेह वाटतो, ‘टेन्शन’ वाटतं. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

फोलेटचा शोधही आपल्या मुंबईतच लागला, हे जाता जाता सांगतो. 1928 साली इंग्रज डॉक्टर लूसी विल्स मुंबईत आल्या, गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधल्या पंडुरोगाचा माग काढत. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी 1931 मध्ये दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट.

सर्वांत मोठी किंमत मात्र बाळं मोजतात. आईच्या रक्तात बी-12 नसेल तर दुधातही नसतं. निव्वळ अंगावर पिणारं बाळ पाच-सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत दिसतं, मग हसायचं थांबतं, मान धरत होतं ती सोडतं, केस विरळ होतात, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, हातपाय थरथरू लागतात. बालरोगतज्ज्ञ याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात आणि भारतातल्या डॉक्टरांना तो चांगला परिचयाचा आहे. वेळेत उपचार झाले तर बाळ सुधारतं, पण विकासात मागे राहण्याची भीती उरते. मांस न खाण्याचा निर्णय त्या बाळानं घेतलेला नव्हता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी बाईपुढे प्रवचन करताना बी-12 चं नाव न घेणं ही आमच्या मते हिंसाच आहे.

आता घ्यायचं काय आणि कसं.

शरीराची एक मर्यादा आधी समजून घ्या. जठरातून स्रवणारा एक प्रथिनघटक बी-12 ला धरून आतड्यापर्यंत नेतो. एका वेळी त्याच्याकडून दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचललं जातं. त्याहून जास्त जे असेल त्यातलं साधारण एक टक्का आपसूक झिरपतं. म्हणजे 1500 मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर अंगी लागतं सोळा-सतरा, बाकीचं बाहेर. आकडा बघून ‘गरजेच्या सातशे पट डोस!’ म्हणून घाबरणाऱ्यांना हे गणित सांगा. दूध-दही नियमित घेणाऱ्याला 1000 किंवा 1500 ची एक गोळी आठवड्यातून एकदा पुरते. दूधही सोडलेल्यानं ती आठवड्यातून दोनदा घ्यावी. रोजच घ्यायची सवय बरी वाटत असेल तर छोटा डोस चालतो, पण तो दहा मायक्रोग्रॅमच्या खाली नको. आणि इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. मल्टिव्हिटॅमिनची पट्टी उलटी करून बारीक अक्षरातला तक्ता वाचा. बऱ्याच गोळ्यांत बी-12 फक्त 1 मायक्रोग्रॅम असतं. वीगन माणूस ती रोज इमानेइतबारे घेतो आणि वर्षभरानं रिपोर्ट बघून चक्रावतो.

दुसरी फसगत ‘नसांच्या गोळी’ची. दुकानात बी-12 मागितलं की मिथाइलकोबालामिन या बी-12 च्या एका रूपासोबत अल्फा लिपोइक आम्ल, बी-6, कधी प्रीगाबालिनसारखं गुंगी आणणारं औषध अशी मिसळ हातात येते. प्रतिबंधासाठी यातलं काहीही नको. बी-6 जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर त्यानंच हातापायाला बधिरपणा येतो, म्हणजे ज्याच्यासाठी गोळी घेतली तेच दुखणं गोळीतून. दुकानदाराला स्पष्ट सांगा की एकटं बी-12 हवंय. त्याचं सायनोकोबालामिन हे रूप स्वस्त आणि टिकाऊ असतं. मिथाइलकोबालामिन उजेडात खराब होतं, तेव्हा पट्टीतून काढून काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवू नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कुठलं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं, बाकीच्यांनी जे मिळेल ते घ्यावं.

ज्यांची पातळी आधीच खाली गेलीय त्यांना हे डोस लागू नाहीत. त्यांना इंजेक्शनं किंवा रोजची मोठी गोळी डॉक्टर ठरवतील तितके दिवस घ्यावी लागते. आम्हाला वारंवार दिसणारी चूक त्याच्या पुढची आहे. पाच-दहा इंजेक्शनं होतात, रिपोर्टवर आकडा आठशेवर जातो, माणूस खूश होऊन सगळं बंद करतो, आणि खाणं तर तेच. वर्ष-दीड वर्षात गाडी मूळ जागी. भरलेल्या टाकीला नळ नसेल तर ती कितीदा भरणार? इंजेक्शनांनंतर आठवड्याची गोळी कायम हवी.

तपासणीबद्दल थोडं, कारण इथेही पैसे वाया जातात. गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या, नंतर नव्हे. मिलिलिटरला 200 पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, 200 ते 300 म्हणजे संशयाची जागा. रिपोर्टवर 215 समोर ‘नॉर्मल’ लिहिलं असलं तरी शाकाहाऱ्यानं ते नॉर्मल धरू नये. अशा वेळी होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारं एक रसायन) बघतात, 15 च्या वर असेल तर संशय बळावतो. पण त्याचा नमुना काढल्यावर बर्फात ठेवून त्यातला द्रव पेशींपासून लवकर वेगळा करावा लागतो. तसाच ठेवला तर लाल पेशींमधून होमोसिस्टीन झिरपत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. गल्लीतल्या केंद्रावर सकाळी सातला काढून दुपारी मोटारसायकलवरून मुख्य लॅबला जाणाऱ्या नमुन्यात हे हमखास होतं, तेव्हा ही तपासणी मुख्य लॅबमध्येच जाऊन करा. केसांसाठी बायोटिनची मोठी गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर तिच्यामुळे बी-12 खोटं वाढलेलं दिसतं. स्पिरुलिना घेणाऱ्यांचाही असाच घोटाळा. त्यात जे असतं ते बहुतांशी बी-12 सारखं दिसणारं पण माणसाच्या कामी न येणारं रसायन. तपासणीला ते फसवू शकतं, नसांना नाही.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 आणखी खाली जातं. आपल्याकडे पन्नाशीनंतरच्या शाकाहाऱ्यांत या दोन्ही गोळ्या आणि चहातलं दूध हे त्रिकूट इतकं नेहमीचं आहे की त्यांनी वर्षातून एकदा तपासून घ्यावंच.

जैन मंडळांसाठी दोन गोष्टी. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीची गोळी जमत नाही, ही अडचण आठवड्यातून एकदा दिवसा घ्यायच्या गोळीनं सुटते. दुसरी कॅप्सूलची. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं असतं. दाबून केलेली साधी गोळी घ्यावी किंवा एचपीएमसीचं, म्हणजे वनस्पतीच्या सेल्युलोजचं आवरण लिहिलंय का ते बघावं. गोळीतलं बी-12 स्वतः मात्र निर्धोक आहे. ते पोलादी टाक्यांमध्ये जीवाणू वाढवून काढतात, त्यासाठी जनावर लागत नाही.

वीगन गटांना थोडं जास्त सांगायचंय, कारण दूध गेलं की त्याबरोबर कॅल्शियम आणि थोडं आयोडीनही जातं. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 360 मिळतं, म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांत तिसरा हिस्सा आला. तीळ आणि कॅल्शियमचं मीठ घालून धरवलेलं टोफू यांवर उरलेलं भागू शकतं. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. सोया दुधावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलेलं असेल तर डबा जोरात हलवून ओता, नाहीतर ते तळाशीच राहतं. हे हलकं घेऊ नका. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वीगन लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्याचा काही भाग समजतो, सगळा नाही. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून होते. ते नको असेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेलं डी-3 मिळतं. आयोडीनसाठी वेगळं काही करायला नको, फक्त गुलाबी मिठाच्या आणि सैंधवाच्या नादानं घरातलं आयोडीनयुक्त मीठ हद्दपार करू नका.

जवसाची चटणी हा आपला अभिमानाचा विषय, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगतो. चमचाभर दळलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 असतं, पण आख्खे दाणे चावले गेले नाहीत तर जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून, कुटूनच खायचे. शरीर त्यातून मासळीत मिळणारं डीएचए नावाचं ओमेगा-3 बनवतं, पण शंभरात एखादा भागही नाही. करडई आणि सूर्यफुलाचं तेल सढळ हातानं वापरत असाल तर ती वाट आणखी अरुंद होते, कारण त्यांतलं ओमेगा-6 त्याच यंत्रणेवर हक्क सांगतं. गरोदर वीगन बाईनं शेवाळापासून काढलेलं डीएचए, रोज दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, घ्यावं. मासेही ते शेवाळाकडूनच मिळवतात.

लोहाबाबत गोळीपेक्षा स्वयंपाकघर आधी सुधारता येतं. आपल्या शिफारशीतच पुरुषाला 19 आणि बाईला 29 मिलिग्रॅम असे मोठे आकडे आहेत, कारण धान्यातलं लोह कमी शोषलं जातं हे त्यात आधीच धरलंय. वर परदेशी तक्त्यातला ‘शाकाहाऱ्यांनी 1.8 पट’ हा गुणाकार पुन्हा करू नका. वरण उतरवल्यावर लिंबू पिळायचं, उकळताना नव्हे. चहा जेवणानंतर तासभरानं. कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणलेलं. हे तीन नियम पाळले तर बराच फरक पडतो. तरी पाळी येणाऱ्या बाईनं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावं.

आता तत्त्वाकडे येतो. ‘ज्या आहाराला गोळी लागते तो निसर्गाविरुद्ध’ हा टोमणा मांसाहारी मारतात, आणि तो टाळण्यासाठीच तुम्ही गोळीचं नाव घेत नाही असा आमचा दाट संशय आहे. घ्या बिनधास्त. टोमणा मारणाऱ्याच्या मिठात आयोडीन बाहेरून घातलेलं असतं. त्याची कोंबडी जे खाद्य खाते त्याच्या प्रीमिक्समध्ये बी-12 कारखान्यातून येतं. तो ती गोळी कोंबडीमार्फत खातो, तुम्ही थेट खा.

‘पूर्वज कुठे गोळ्या घेत होते?’ या प्रश्नाचंही उत्तर सोपं आहे. त्यांच्या रक्तातलं बी-12 कोणी मोजलं नव्हतं. त्यांच्या पाण्यात, भाजीवरच्या मातीत, धान्यातल्या किड्यांत थोडंफार मिळत असेलही. शुद्ध पाणी आणि धुतलेली भाजी नाकारून बी-12 मिळवणं म्हणजे कावीळ आणि विषमज्वर पदरात घेणं.

‘वीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि बी-12 शुद्ध रूपात हाती लागलं 1948 मध्ये. सुरुवातीच्या वीगनांना आपल्या ताटात काय नाही हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं, त्यांतले काही आजारीही पडले. तीच वीगन सोसायटी आज कसलाही आडपडदा न ठेवता सांगते, रोज किमान 10 किंवा आठवड्याला किमान 2000 मायक्रोग्रॅम घ्या. ज्यांनी शब्द काढला त्यांना सांगताना कमीपणा वाटत नाही.

गांधीजींचं उदाहरण तुम्ही पत्रकात देताच, मग पुरतं द्या. 1912 मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारपणानं पार खंगल्यावर 1919 च्या सुमारास, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं असा कस्तुरबांनी मार्ग सुचवल्यावर, शेळीचं दूध सुरू केलं. व्रताचा शब्द राखला पण आत्मा मोडला ही टोचणी आणि दुधाला वनस्पतीतला पर्याय सापडत नाही ही खंत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वेळी बी-12 ठाऊकच नव्हतं. आज त्याची गोळी मिळते.

आणि दुधाचं काय? गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि होणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे असतात. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना काम नाही. 2015 पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे खोंड विकला जात नाही, पोसवत नाही, आणि मग सोडून दिला जातो किंवा दुधावाचून मरू दिला जातो. म्हशीला ही बंदी लागू नाही. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी आहे आणि त्या म्हशी दुधाच्या गोठ्यातूनच येतात. म्हणजे निव्वळ अहिंसेचा हिशोब मांडला तर बी-12 साठी अर्धा लिटर दूध पिण्यापेक्षा टाकीतल्या जीवाणूंची गोळी सरस ठरते. दूध प्यावं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ‘दुधातून मिळतं, गोळी कशाला’ हे वाक्य अहिंसेच्या व्यासपीठावरून बोलताना त्या गोऱ्ह्याला जमेत धरा.

एक कडू गोष्टही बोलतो. मी काय खावं हे मी ठरवणं याला नीती म्हणता येईल. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजावं हे सोसायटीच्या सभेत ठरवणं याला वेगळा शब्द आहे, आणि या राज्यात त्या शब्दाला जातीचा वास येतो. शालेय पोषण आहाराचंच बघा. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनानं आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं सांगण्यात आलं. तुमच्यापैकी काहींनी त्याचा आनंद मानला. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि अर्धा-पाऊण मायक्रोग्रॅम बी-12. केळ्यात प्रथिनं सव्वा ग्रॅम, बी-12 शून्य. ज्या मुलाच्या घरी अंडं खातात पण परवडत नाही त्याच्या ताटातून ते काढायला लावलंत, तर त्या जागी काय ठेवणार हे तुम्ही सांगायला हवं होतं. पाव लिटर दूध म्हणाला असतात तरी मुद्दा झाला असता. शाळेतल्या गुणसंवर्धित (फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेल्या) तांदळात बी-12 असतं, पण किलोला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम तांदळाचा भात खाऊन मुलाला मिळतं 0.1.

तेव्हा शासनाकडे निवेदन घेऊन जायची तुम्हाला सवय आहेच, तर पुढचं निवेदन असं द्या. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बायांना किमान 180 दिवस रोज लाल गोळी मिळते आणि किशोरवयीन मुलींना आठवड्याला निळी. दोन्हींत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, असतं. बी-12 नसतं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात, ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं होतं. त्या गोळीत बी-12 घाला, ही मागणी शाकाहारी मंडळांनी लावून धरायची नाही तर कोणी?

आणि पत्रकात, प्रथिनांच्या तक्त्याच्या खाली, तक्त्याइतक्याच ठळक अक्षरात हे छापा:

‘मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या प्रत्येकानं बी-12 ची 1000 ते 1500 मायक्रोग्रॅमची साधी गोळी आठवड्यातून एकदा घ्यावी. दूधही न घेणाऱ्यांनी दोनदा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारून घ्यावी, पण घ्यावीच. लहान मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञ ठरवतील. पायाला मुंग्या येत असतील तर थांबू नये.’

छापण्याआधी प्रूफ पाठवलंत तर आकडे आम्ही तपासून देऊ. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये छापखान्यात नेहमी घोळ होतो.

आपले,
आहारशास्त्र, रक्ततपासणी आणि औषधविक्री या क्षेत्रांतले काही शाकाहारी, काही मासेखाऊ